ठराव आणला कुणी?

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून ऑफिसातूनच हा मेल टाकतेय.

आमच्या अकाउंट्समधला जोसेफ हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरचा. तिथल्या मुख्यमंत्र्यावर आज अविश्वास ठराव होता. लंचला पठ्ठ्या हेडफोन लावून इंटरनेटवर चर्चा ऐकत होता. "खलास! आज हा माणूस घरी जाणार," म्हणाला.

मी विचारलं, "ठराव आणला कुणी?"

"त्याच्याच जुन्या बिझनेस पार्टनरने. बघ, आता मित्रही वैतागलेत!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. माझे मामा गावी ग्रामपंचायतीत होते. सरपंचाविरुद्ध कुजबुज वाढली की सरपंचाचाच माणूस घाईघाईने ठराव आणायचा. विरोधकांची जमवाजमव झालेली नसायची, ठराव आपटायचा, आणि नियमाप्रमाणे बराच काळ दुसरा आणता यायचा नाही. सरपंच निवांत!

"जोसेफ, आज ठराव पडला तर पुढचा कधी?"

त्याने हेडफोन काढला. "वर्षभर नाही," म्हणाला आणि हातातलं सँडविच परत डब्यात ठेवलं. तासाभरात ठराव पडलाच.

बेटाचं बेटावाले बघतील. पण येत्या शुक्रवारी इथे अल मनखूलला आपल्या मराठी मंडळाची सभा आहे आणि अध्यक्षांवर अविश्वास ठराव येतोय. आणणारे कोण, तर कुलकर्णी, जे रोज अध्यक्षांच्याच गाडीतून रास अल खोरला कामाला जातात.

कुलकर्णीसाहेब, तुम्हीही या ग्रुपवर आहात. मग सगळ्यांसमोरच सांगा, शुक्रवारी तुमचा ठराव पडला तर आम्हाला आमचा कधी आणता येईल?