गाळलेली पायरी

सुतारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे कारभारी म्हणायचे. हे नाव त्याच्या बायकोमुळे पडलं. एकदा तो डबा विसरून आला, तेव्हा ती फाटकाशी उभी राहून ओरडली, "अहो कारभारी, तुमचं पोट घरी राहिलंय." करवती थांबल्या, सगळे हसले, आणि तेव्हापासून तो साऱ्या शेडचा कारभारी झाला.

मी त्याच्या शेजारच्या बाकावर काम केलं. तो शिड्या करायचा. खुर्ची मोडली तर माणूस जमिनीवर बसतो, शिडी मोडली तर उठतच नाही, असं तो म्हणायचा आणि प्रत्येक पायरीचं लाकूड उजेडात धरून बघायचा. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. मध्ये गाठ दिसली की लाकूड बाजूला. वाद नाही. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा. बसलेलं मी त्याला फक्त चर्चमध्ये पाहिलं, आणि तिथेही त्याचा गुडघा हलत असायचा.

आम्ही दोघे एकाच चर्चच्या मंडळीतले. एका रविवारी पाळकांनी उपदेशात सांगितलं की आपल्या हातातलं काहीच आपलं नाही, मालक वर आहे, आपण नुसते कारभारी. सगळ्या बाकांवरून माना वळल्या. बाहेर आल्यावर एकाने विचारलं, आज उपदेश तुझ्यावरच होता का रे? वहिनींनी परस्पर उत्तर दिलं की यात नवीन काय, घरात मालकीण मी आणि हे कारभारी, हे लग्नातच ठरलंय. सगळे हसले. तो हसला नाही. त्याने ते मनावर घेतलं.

त्यानंतर मंडळीत गरिबासाठी लाकडाचं काही लागलं की तो पुढे. पाळणा, पेटी, दाराची चौकट. पाळकांनी लाकडाचा खर्च दानपेटीतून देऊ केला तर म्हणाला, लाकूड मी बघतो. त्या "मी"मध्ये थोडी ऐट होती. मला तेव्हा ती आवडली होती.

मग रंगाऱ्याचं प्रकरण आलं. चर्च झाडायला येणाऱ्या बाईचा नवरा. घरांच्या भिंती रंगवायचा. त्याची शिडी कुणीतरी रातोरात उचलून नेली. शिडी नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे चूल नाही. बाईने पाळकांना सांगितलं, पाळकांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. आठवड्याच्या आत शिडी तयार झाली. रंगारी ती खांद्यावर टाकून गेला. जाताना इतका वाकला की शिडीचं टोक दाराला लागलं.

पावसाळा सरला, रंगकामाचे दिवस आले. एका सकाळी आम्ही दोघे वखारीत लाकूड निवडायला गेलो. कारभारी एकेक पट्टी उचलून उजेडात धरत होता. एक धरली, फिरवली आणि खाली टाकली.

"गाठ आहे. ही नको."

वखारवाला जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "ठेवा हो मेस्त्री. लागेल दानधर्माला. मागे एकदा अशीच एक नेलीत की, त्या रंगाऱ्यासाठी."

कारभाऱ्याचा हात तसाच राहिला. मी हसलो, कारण मला ती थट्टा वाटली. त्याचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

त्याने पुढचं लाकूड निवडलंच नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि तुटक तुटक बोलला. शिडीला एक पायरी कमी पडत होती. सरळ रेषेचं लाकूड घरी होतं, पण ते वहिनींच्या खुर्चीच्या हातांसाठी राखलेलं. त्यांचे गुडघे गेले होते, हात असलेली खुर्ची करून देतो म्हणून तो किती वर्षं सांगत होता. मग हातात गाठीचं लाकूड आलं. गाठ लहान होती. चालेल, असं तो मनात म्हणाला. विकायच्या शिडीला त्याने हा शब्द जन्मात वापरला नव्हता.

"कुठली पायरी?" मी विचारलं.

"वरून तिसरी. सगळा भार येतो ती."

आम्ही तिथून सरळ त्याच्या घरी गेलो. खुर्चीचं लाकूड कपाटाच्या मागे कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते बाहेर काढताना वहिनींनी पाहिलं आणि काय चाललंय ते विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग मालकीण म्हणून सांगते. न्या. आणि भाऊजी, तुम्ही बरोबर जा. हे रस्ता न बघता चालतील."

खरंच न बघता चालला. रंगवाल्याच्या दुकानात कळलं की रंगारी मोठ्या दवाखान्यामागच्या इमारतीत जिन्याची भिंत रंगवतोय. कारभारी पुढे, मी मागे. खांद्यावरची हत्यारांची पिशवी त्याच्या पाठीवर आपटत होती. मी सांगितलं की इतके महिने शिडी टिकली, अजून तासभर टिकेल. तो म्हणाला, शिडी सांगून मोडत नाही.

जिन्यात पोचलो तर अर्धी भिंत नवी, अर्धी जुनी. रंगाचा डबा उघडा, कुंचा वाळलेला. माणूस नाही, शिडी नाही. कारभाऱ्याने भिंतीकडे पाहिलंच नाही. त्याने आधी खाली फरशीकडे पाहिलं, मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तसाच वाकून राहिला. फरशीवर रंगाचे थेंब होते, बाकी काही नव्हतं. तळमजल्यावर राहणारी एक म्हातारी दार किलकिलं करून बघत होती. ती म्हणाली, रंग संपला म्हणून तो पलीकडच्या गोदामात गेलाय, तिथलं छत करतोय, आणि त्याला सांगा की माझ्या दाराची कडी पण रंगवून ठेवलीय, उघडताना बोटं चिकटतात.

गोदामाचं छत उंच होतं. रंगारी शिडीच्या वरच्या टोकाशी, एक हात छताला, एका हातात कुंचा. कारभारी दारातच थांबला. ओरडला असता तर वरचा दचकला असता, तेवढं भान त्याला होतं. तो हळू चालत शिडीखाली गेला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"उतर," तो म्हणाला. "सावकाश."

रंगारी उतरू लागला. आणि मी पाहिलं. वरून दुसऱ्या पायरीवरून त्याचा पाय लांब ताणून थेट चौथीवर आला. तिसरीला त्याने स्पर्शही केला नाही. अंगवळणी पडल्यासारखं.

कारभाऱ्यानेही पाहिलं. रंगारी खाली टेकल्यावर त्याने विचारलं, "मधली का सोडलीस?"

"तिला गाठ आहे ना, मेस्त्री. पहिल्याच दिवशी दिसली. तिच्यावर पाय देत नाही मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

रंगारी ओशाळून हसला. जणू चूक त्याची होती. "धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं? तुम्ही दिलीत हेच खूप. एक पायरी गाळली की झालं."

कारभाऱ्याने खांद्यावरची पिशवी उतरवली. शिडी आडवी केली. पाचरी काढल्या, एक बाजू ठोकून सैल केली, गाठीची पायरी ओढून काढली. ती गुडघ्यावर ठेवून दोन्ही टोकं दाबली. मोडली. फार जोर लावावा लागला नाही. रंगारी मोडलेल्या तुकड्यांकडे बघत खाली बसला. गोदामात बराच वेळ नुसता रंध्याचा आवाज होता. खुर्चीच्या हाताचं लाकूड पायरीच्या मापाचं झालं. टोकं बसली, पाचरी बसल्या. त्याने शिडी उभी केली, स्वतः चढला आणि तिसऱ्या पायरीवर उभा राहून उड्या मारल्या. वजनदार माणूस. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"आता तू," तो म्हणाला.

रंगारी चढला. कारभाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने तिसरीवर पाय ठेवला, दाबून पाहिला, मान डोलावली. "दगडासारखी आहे," म्हणाला. मग कामाला लागला. कुंचा बुडवायला उतरला, परत चढला. दुसऱ्यांदा चढताना त्याचा पाय तिसरीवरून पुढे गेला.

"अरे, ठेव की पाय."

"हो हो," तो म्हणाला आणि ठेवला. त्याच्या पुढच्या खेपेला परत गाळली. मुद्दाम नाही. पायाला आठवत नव्हतं.

परतताना कारभारी एकच वाक्य बोलला. मालकाच्या मालातलं वाईट गरिबाला आणि चांगलं आपल्याला, हा कारभार नव्हे, ही चोरी. मी म्हटलं की एका पायरीसाठी एवढं मोठं नाव देऊ नकोस. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो गाठीच्या लाकडाकडे बघायचा.

त्यानंतर वखारीत गेला की पहिल्यांदा निवडायचं ते दानाच्या कामाचं लाकूड. मग विकायचं. उरलंसुरलं घरचं. वखारवाल्याने थट्टा करून पाहिली, मग कंटाळून तोच सरळ पट्ट्या वेगळ्या काढून ठेवू लागला. वहिनींची खुर्ची अखेर झाली. तिच्या एका हाताला गाठ आहे. आल्यागेल्याला त्या ती दाखवतात आणि सांगतात, हा सरळ हात आमच्या कारभाऱ्यांचा, हा गाठीचा देवाचा.

आता आम्ही दोघेही कामातून सुटलो. चर्चच्या भिंती तोच रंगारी रंगवतो, तीच शिडी घेऊन. काम निघालं की कारभारी सकाळपासून तिथे. पाळक खुर्ची आणून देतात, तो बसत नाही. शिडीखाली उभा राहतो आणि मान वर करून रंगाऱ्याचे पाय बघतो. मी कितीदा म्हटलं, घरी चल. तो हात हलवतो.

मागच्या खेपेला रंगारी जेवायला गेला, तेव्हा कारभाऱ्याने मला शिडीजवळ बोलावलं. सगळ्या पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झालेल्या, पायाच्या घासण्याने काळ्या. वरून तिसरी मात्र नवी कोरी. रंध्याचा मऊपणा अजून तसाच. सबंध शिडीत सगळ्यांत चांगलं लाकूड. त्याने त्या पायरीवर तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग रंगारी येताना दिसला, तसा हात काढून घेतला आणि शिडी धरून उभा राहिला.