मागे फिरा म्हणायचं कोणी?

वाळवंटातली दरी बघायला जायची हौस माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मला विचाराल तर आमच्यासारख्या रिटायर्ड माणसांनी इथे आमच्या कॅरी गावात घरामागच्या तळ्याला दोन फेऱ्या माराव्यात आणि गपगुमान चहा प्यावा. पण ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची सोय नाही. यूटामध्ये एका आडबाजूच्या दरीत, कड्याच्या कपारीत सात-आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी बांधलेली दगडमातीची घरं आहेत. गाडी तिथवर जात नाही. सकाळी चालत जायचं, संध्याकाळपर्यंत चालत परत यायचं. बायपासनंतर हॉस्पिटलात पडल्या पडल्या ह्यांनी त्याचे फोटो पाहिले, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

वर्षभराने डॉक्टर म्हणाले, "हळू चाला, दम लागला की लगेच मागे फिरा. मग जायला हरकत नाही." त्यातलं "जायला हरकत नाही" एवढंच ह्यांनी ऐकलं.

मग आमची लेक तिच्या घरून, हर्नडनहून आली आणि डायनिंग टेबलावर नकाशा पसरून बसली. ती इथेच जन्मली. मराठी बोलते, पण मध्येच इंग्रजीत घसरते. डोंगरदऱ्यांतलं मात्र तिला फार कळतं. दरीत फोनला रेंज नाही, तेव्हा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र भाड्याने घ्यायचं. तिथे पाण्याचा थेंब मिळणार नाही, सगळं पाणी पाठीवर न्यायचं. लांब कुठे पाऊस झाला तरी दरीत लोंढा येतो, म्हणून आदल्या दिवशी रेंजरच्या ऑफिसात विचारायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर नको. त्या घरांच्या भिंतींना टेकायचं नाही, साधी खापरीही उचलायची नाही. पोर एवढा जीव ओतून बोलत होती की मला भरूनच आलं. आपले आईबाप म्हातारे झालेत, त्यांना नीट नेऊन नीट आणायचं, एवढंच चाललं होतं तिच्या डोक्यात.

"आणि खायला?" मी विचारलं.

"एनर्जी बार्स, आई."

"बार्स तू खा. माझ्याबरोबर दशम्या येणार."

दशम्या, लसणाची चटणी, दाण्याचे लाडू. तिने डबा हातात तोलून पाहिला आणि लाडू निम्मे करायला लावले. सवय व्हावी म्हणून आम्ही दोघं सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून रोज संध्याकाळी कॉलनीत चालायला लागलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय नवीन?" तर हे म्हणतात कसे, "तांदळाला हवा खायला नेतोय!"

सगळ्यात मोठा नियम लेकीने परत हर्नडनला निघायच्या आधी सांगितला. "साडेदहाला टर्न अराउंड. रुइन्स समोर दिसत असले तरी. बाबा, नो आर्ग्युमेंट."

"हो, हो," हे म्हणाले. हे "हो, हो" मी पुरतं ओळखते. रस्ता चुकलाय हे दिसत असलं तरी हा माणूस गाडी वळवायचा नाही, "इकडूनही जाता येतं" म्हणेल आणि पुढे दामटेल.

मी भांडी डिशवॉशरला लावत होते, तर लेक मागून येऊन उभी राहिली. "आई, एक प्रॉब्लेम आहे. मला नाही सांगता येणार. बाबांचा चेहरा पडला ना, की मी म्हणेन ओके, टेन मोर मिनिट्स. मग अजून दहा. तू सांग. प्लीज."

"अगं, माझं त्यांनी कधी ऐकलंय?"

"पण तू सांगायला घाबरत नाहीस."

घाबरत नाही! यंत्र, नकाशा, पाणी, सगळं जागच्या जागी, आणि ह्यांचा जीव मात्र माझ्या जिभेवर टांगलेला. त्या दिवसापासून तांदूळ घेऊन चालताना मी मनात एकच घोकत होते, गोडीत सांगू की ओरडू?

ऑक्टोबरात गेलो. रेंजर म्हणाले, आभाळ स्वच्छ आहे, जा. पहाटे बोटं गारठली होती. दोन्ही बाजूंना लाल कडे, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि माणसाचा आवाज म्हणून नाही. हे पुढे, मी मध्ये, लेक मागे. कोरड्या ओढ्यातल्या वाळूत पाय रुतत होते, त्यामुळे ठरल्यापेक्षा वेळ लागला.

साडेदहा झाले तेव्हा पुढे एक वळण होतं. लेक नकाशा बघून हळूच म्हणाली, "वळणापलीकडेच आहे, आई." आणि माझ्याकडे बघत राहिली. हे वाकून बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

"अहो, पुरे," मी म्हटलं. गोडीतही नाही आणि ओरडूनही नाही, नुसतं सरळ. "इथून मागे फिरायचं."

आता हे भडकणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. हे सावकाश उठले. वळणाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं झालं बोललीस," म्हणाले. "मघापासून वाट बघत होतो. मला म्हणवत नव्हतं गं."

मागे लेक हुंदका आवरत होती. मी देवाचे आभार मानले, पोरीचे मानले, आणि ह्या हट्टी माणसाचे सगळ्यात जास्त. आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांनी सॅक खांद्यावरून काढून माझ्या हातात दिली.