पदूशेठच्या जीपचा बंपर

आमच्या दुकानात काम कमी असलं की वाद होतात आणि काम जास्त असलं की जास्त वाद होतात. किस्से दोन्ही वेळी घडतात! धामणकर नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. लूमचे मोडलेले पार्ट, खिडक्यांचे ग्रिल, गेट असली कामं. अप्पा मालक. गफूरचाचा वेल्डर. अप्पांचे थोरले भाऊ नानाकाका खुर्ची सांभाळतात. मी कल्याणच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि घरात बसायचं सोडून इथे येऊन बसले. तेव्हापासून किस्से दुप्पट झालेत. आज फक्त एका बंपरचे सांगते.

*

पदूशेठ पूर्णा गावचे. लष्कराच्या लिलावातून त्यांनी जुनी जीप घेतली होती. गवताच्या खरेदीसाठी ती वाडा तालुक्यातल्या जंगलात न्यायचे. एका खोडावर आपटून पुढचा बंपर तिथेच राहिला, जीप तेवढी परत आली.

"अप्पा, मना असा बंपर पायजे का म्हशीला धडक दिली तं म्हस पडली पायजे!"

नानाकाकांनी खुर्चीतूनच विचारलं, "म्हैस कोणाची?"

पदूशेठ विचारात पडले. "माझीच असंल. त्या रस्त्याला दुसऱ्या कोनाच्या म्हशी न्हाईत."

"मग अप्पा, जरा नरम बनव!"

*

मी रात्रभर जागून वगैरे नाही, दुपारी जेवल्यावर शांतपणे बसून त्या बंपरचं ड्रॉइंग काढलं. मापं, वजन, बोल्टाच्या जागा, सगळं. अप्पांसमोर ठेवलं. नानाकाकांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"कागदाला धडक देऊन बघणारेस का ग?"

"काका, निदान कागद खोडता तरी येतो. लोखंड खोडून दाखवा!"

अप्पांना दुकानात भांडण आवडत नाही. ते म्हणाले, "बाय, हा बंपर माझ्या अंदाजाने होईल. बरोबर झाला तर तू गुपचूप बी.एड.ला जायचं, मास्तरीण व्हायचं. चुकला तर पुढचं काम तुझ्या ड्रॉइंगने."

"पुढचं प्रत्येक काम," मी म्हटलं.

"आधी चुकू तर दे!"

मास्तरीण व्हायला माझी ना नव्हती. पण दुकानातली हीच मोठी माणसं, फक्त लहान वयात, रोज वर्गात समोर बसलेली बघायची, हे मला झेपलं नसतं.

*

अप्पांचं माप वितीचं. जीपसमोर वाकून त्यांनी विती टाकल्या आणि गफूरचाचांना ओरडून सांगितलं, "सात वीत!"

चाचांनी बंपरसाठीचं लोखंडी चॅनल सात वीत कापलं. स्वतःच्या वितीने! अप्पांचा पंजा ताडाच्या झावळीएवढा, चाचांचा मुठीत मावणारा. चॅनल जीपला लावलं तर एका बाजूचा मडगार्ड उघडाच!

"चाचा, ये क्या किया?"

"सेठ, आपने सात बोला, मैंने सात काटा. हाथ बदलने का नहीं बोला था!"

मी लगेच म्हटलं, "चुकला!"

"बंपर कुठे चुकला? अजून बंपर झालाच नाही. हे नुसतं चॅनल आहे," अप्पा म्हणाले.

*

तुकडा जोडून चॅनल पुरं केलं. ते मुंबईहून, दारूखान्याच्या भंगारबाजारातून आणलेलं होतं, मोडलेल्या जहाजाचं. नानाकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की हे लढाईवरचं जहाज होतं. दर गिऱ्हाइकामागे जहाज मोठं होत गेलं, आणि त्या मानाने बंपरही. "अजून एक पट्टी लाव. जहाजाला शोभला पाहिजे!"

अखेर चौघांनी उचलून तो जीपला बसवला. बोल्ट आवळले, हात सोडले आणि जीपचं नाक सावकाश खाली गेलं.

मग नानाकाका म्हणाले, "बघा, गाडीत संस्कार आहेत. मोठ्यांपुढे वाकते!"

माझ्याकडे बघून म्हणाले, हे सांगायला नकोच.

दोन पट्ट्या काढाव्या लागल्या. मी पुन्हा म्हटलं, "चुकला!" अप्पा म्हणाले, "चुकला नाही. जास्त झाला."

*

बंपर न्यायच्या दिवशी पदूशेठ टोपी घालून आले. हळदकुंकू झालं, बंपरवर नारळ फुटला, पेढे वाटले. पदूशेठ ऐटीत जीपमध्ये बसले. बटण दाबलं. जीपने एकदा खोकून मान टाकली. त्या जीपची बॅटरी कायमचीच आजारी, गाडी नेहमी पुढून हँडल मारूनच सुरू व्हायची.

त्यांचा ड्रायव्हर हँडल घेऊन पुढे आला. बंपर बघितला. वाकून बघितला. खालून बघितला.

"अप्पा, हँडल कुठून घालू?"

जुन्या बंपरला मधोमध भोक होतं. माझ्या ड्रॉइंगमध्येही होतं. अप्पांच्या अंदाजात नव्हतं!

खुर्चीतले नानाकाका सोडून तोंडात पेढा असलेली सगळी मंडळी मागे गेली आणि धक्का मारत जीप नारपोलीच्या रस्त्यापर्यंत नेली तेव्हा ती सुरू झाली. बंद करायची कोणाची छाती होईना. ती तशीच दुकानात परत आणली आणि चालू इंजिनावरच चाचांनी गॅस कटरने बंपरला भोक पाडलं.

"आता?" मी विचारलं.

"बंपर चांगलाच आहे," अप्पा म्हणाले. "भोक तेवढं राहिलं होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर बी.एड.चा विषय काढला नाही. पण ड्रॉइंगचाही काढला नाही.

*

पावसाळा संपल्यावर पदूशेठ पुन्हा आले. जीप ओळखू येईना. दोन्ही मडगार्ड चेपलेले, एक दिवा फुटलेला, दार तारेने बांधलेलं. आणि पुढे बंपरभर गोणपाट, त्यावर कापलेला टायर दोरीने आवळलेला.

अप्पांचा चेहरा उतरला. "बंपर तुटला?"

"तुटतोय कसला!" पदूशेठनी गोणपाट वर केलं. आत बंपर नव्या भांड्यासारखा चकचकीत. "इतका देखना बंपर, त्याला ओरखडा पडला म्हंजे? खोड आला का मी गाडी बाजूनं घासून न्हेतो. म्हस आली तवा गाडी खड्ड्यात घातली, पन बंपरला लागू दिला न्हाय!"

नानाकाका पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

"पन ह्यो टायर बरा दिसत न्हाय," पदूशेठ म्हणाले. "तवा ह्याच्या म्होरं एक लहानसा बंपर बसवून द्या. ह्याला सांभाळायला."

चाचांनी गॅस बंद केला. अप्पा त्या बंपरकडे बघत राहिले, मग जीपकडे, मग पदूशेठकडे. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"घे बाय. ह्याचा अंदाज काय मला येत नाही."