चौथ्या पिंपातला सेल

मंगळवारी सकाळी अकरा वाजता, खराडीच्या आयटी पार्कांमागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, निर्यातीसाठी भरून ठेवलेल्या चौदा पिंपांपैकी चौथं पिंप उघडण्यात आलं. त्यातल्या पहिल्याच सर्किट बोर्डावर नाण्याएवढा एक सेल निघाला. निर्यातीच्या अर्जात 'सेल किंवा बॅटऱ्या नाहीत' असं लिहिलेलं होतं.

मी तिथे असण्याचं कारण साधं होतं. संगमनेरच्या आमच्या वाचनालयातले तीन बंद संगणक काही महिन्यांपूर्वी ई-कचरा म्हणून पुण्याला गेले होते. ते पुढे कुठे जातात हे पाहण्यासाठी मी सोमवारी सकाळच्या एसटीने निघालो. नारायणगावला चहा झाला, चाकणला गाडी पाऊण तास अडकली आणि पुण्यात उतरेपर्यंत दुपार झाली.

संगणक ज्यांनी नेले ते जोगळेकर कर्वेनगरात राहतात. तिथेच एका कॉलेजसमोर त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती बंद पडली तरी दुकान आहे आणि आता तिथे आसपासच्या सोसायट्यांतला ई-कचरा गोळा होतो. मी पोचलो तेव्हा एक गृहस्थ प्रिंटर घेऊन आले होते.

"हा चालू आहे बरं का," ते म्हणाले. "फक्त छापत नाही."

"मग ते टेबल आहे," जोगळेकर म्हणाले. "ठेवा तिकडे."

वाचनालयाचे संगणक त्यांच्या लक्षात होते. "तुमचे संगणक खराडीला गेले. उद्या माझ्याबरोबर चला. पण उद्या पाहणी आहे, मध्ये बोलू नका."

खराडीत काचेच्या इमारतींच्या मागे वळलं की डांबरी रस्ता संपतो. दोन म्हशी, एक पाण्याचा टँकर आणि मग सुनंदा शिवले यांची शेड. हा पूर्वी त्यांचा गोठा होता. गाव शहरात आलं, जमीन बरीचशी गेली, गोठा राहिला. त्यात आता सुनंदाबाई आणि चार बायका जुने संगणक सुटे करतात. प्लास्टिक, लोखंड, तारा वेगवेगळ्या होतात. बोर्ड शेवटी जोगळेकरांच्या टेबलावर येतात. ते बघून पिंपात टाकायचे की नाही ते ठरवतात.

बोर्डात तांबं असतं, थोडं सोनंही असतं. ते धूर न सोडता वेगळं करणाऱ्या एका परदेशी भट्टीशी सुनंदाबाईंनी करार केला आहे. पण ई-कचरा देशाबाहेर पाठवायचा तर दिल्लीहून परवानगी लागते. माल घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते आणि पिंपात काय आहे याचा पाहणी अहवालही लागतो. संमती आलेली होती. अहवाल बाकी होता. असा माल ठरावीक मुदतीपलीकडे साठवता येत नाही आणि ती मुदत शुक्रवारी संपत होती. त्याआधी अहवाल गेला तर मुदत वाढणार होती, नाहीतर माल दुसऱ्या कुणाच्या हवाली करावा लागणार होता.

"दुसरं गिऱ्हाईक नाही का?" मी विचारलं.

"हाय की. रोज फोन करतंय. कागद नको, सही नको, आत्ता टेम्पो लावतो म्हणतंय." सुनंदाबाईंनी शेडमागच्या विहिरीकडे हात केला. "वरच्या अंगाला एकानं असलेच बोर्ड ॲसिडात उकळले होते. त्या विहिरीला अजून म्हस तोंड लावत नाय. त्याला देऊ व्हय?"

पाहणी अधिकारी अकराला दहा मिनिटं असताना आल्या. चहा नको म्हणाल्या. पहिल्या पिंपावरचं लेबल वाचलं, दुसऱ्याचं वाचलं आणि चौथं उघडायला सांगितलं.

सेल पाहून त्यांनी तो बोर्ड जोगळेकरांपुढे धरला. "हे काय आहे?"

"सेल," जोगळेकर म्हणाले.

"अर्जात काय लिहिलंय?"

अधिकाऱ्यांनी आणखी पाच बोर्ड काढले. पाचही बोर्डांवर सेल होते.

"काका, तुम्हीच बघून टाकत होता ना?" सुनंदाबाई म्हणाल्या.

"मीच सांगितलं होतं सगळ्यांना, की या सेलला हात लावायचा नाही." जोगळेकरांचा आवाज नेहमीचा होता, फक्त हळू. "सेल काढला की संगणक तारीख विसरतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात भांडायला येतं. तीस वर्षं हेच केलं. बाकी बॅटऱ्या सगळ्या काढल्या. ही बॅटरी आहे असं डोक्यातच आलं नाही."

"मॅडम, आता काय लिवणार तुम्ही?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"जे पाहिलं ते." अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण पाहणी पूर्ण झाली असं मी अजून लिहिलेलं नाही. गुरुवारी बारा वाजता येते. वाटेल ते पिंप उघडीन."

त्या गेल्यावर चौदा पिंपं जमिनीवर रिकामी करण्यात आली. दोन हजारांच्या आसपास बोर्ड होते. मला एक बारीक स्क्रूड्रायव्हर मिळाला. सेलच्या बाजूची पट्टी दाबली की तो वर उसळतो. माझा पहिला सेल उसळून पत्र्यावर आपटला आणि कुठेतरी गेला.

"शोधा," जोगळेकर म्हणाले. "वाचनालयात पुस्तक हरवलं तर शोधता ना?"

तो वीस मिनिटांनी तारांच्या ढिगात सापडला. तोपर्यंत माझं बोट कापलं होतं.

दुपारी सुनंदाबाईंनी घरून मासवडी आणली (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी; नावात मास असलं तरी त्यात मासांश नसतो). सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. जोगळेकर जेवायला उठले नाहीत. सुनंदाबाईंनी त्यांचं ताट टेबलावर नेऊन ठेवलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. ताट संपल्यावरच हलल्या.

काढलेले सेल एकमेकांना चिकटून तापू नयेत म्हणून प्रत्येकाला चिकटपट्टी लावून ते घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावे लागतात. बुधवारी सकाळी जोगळेकर आणि मी बरण्या आणायला मंडईजवळच्या गल्लीत गेलो. मंडईबाहेर मटार सोलून विकायला बसलेल्या बायका होत्या. त्यांचे अंगठे जोगळेकरांनी थांबून पाहिले. "यांना बोलवायला हवं होतं," ते म्हणाले.

दुकानदाराने बरण्या काढल्या. "लोणचं कसलं घालताय?"

"सेलचं," जोगळेकर म्हणाले.

"मग ही न्या. झाकण आटे असलेलं आहे." पुढचं काही त्याने विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझ्या हातात आलेल्या एका बोर्डावर कागदाची पट्टी होती: 'वाचनालय क्र. २. हात लावू नये.' अक्षर आमच्या ग्रंथपालांचं होतं. मी सेल काढून जोगळेकरांना दिला. त्यांनी तो मीटरला लावला, आकडा पाहिला.

"चालू आहे अजून," ते म्हणाले आणि चिकटपट्टी लावून बरणीत टाकला.

गुरुवारी सकाळी शेवटचं पिंप भरलं. जोगळेकरांनी प्रत्येक बोर्ड दोन्ही बाजूंनी पाहिला होता. अधिकारी बारा वाजता आल्या. त्यांनी पुन्हा चौथंच उघडायला सांगितलं, मग अकरावं, मग अकराव्यातला सगळा माल ताडपत्रीवर ओतायला लावला आणि खाली बसून एकेक बोर्ड उलटा केला. याला एक तास दहा मिनिटं लागली. जोगळेकर दाराशी उभे होते. त्यांनी एकदाही ताडपत्रीकडे पाहिलं नाही.

सेल निघाला नाही.

मग पिंपं काट्यावर गेली. एकूण वजन अर्जातल्यापेक्षा कमी भरलं. अधिकाऱ्यांनी मान वर केली. सुनंदाबाईंनी सेलांनी भरलेल्या तिन्ही बरण्या आणून काट्यावर ठेवल्या. रिकाम्या बरण्यांचं आणि चिकटपट्टीचं वजन वजा केलं. फरक जुळला.

"आता चहा चालेल," अधिकारी म्हणाल्या. अहवाल त्यांनी तिथेच पूर्ण केला.

चहा जोगळेकरांनी नेऊन दिला. अधिकाऱ्यांनी कप घेताना विचारलं, "दुकान कर्वेनगरात होतं ना तुमचं?"

"हो. का?"

"कॉलेजात असताना माझा संगणक तुमच्याकडे होता. तारीख कधी चुकली नाही."

"मग तक्रार कसली?" जोगळेकर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी संगमनेरची गाडी धरली. अहवाल आदल्या संध्याकाळीच दाखल झाला होता. गाडी मंचरला असताना सुनंदाबाईंचा फोन आला, साठवणुकीची मुदत वाढली होती. दिल्लीचं परवानगीपत्र सात आठवड्यांनी आलं. त्यात मालाचं वर्णन 'सर्किट बोर्ड, सेलविरहित' असं आहे. पत्राची प्रत आमच्या वाचनालयात आहे.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी चौदा पिंपं घेऊन ट्रक सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेडमधून बंदराकडे निघाला. तीन बरण्या शेडमध्येच आहेत. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करण्यात आला आहे.