पार्किंगवरचे बावीस पत्रे

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला पहिला रविवार, सकाळची वेळ. रक्कम अडतीस हजार पाचशे रुपये. हजर माणसे चार: आमच्या मोशीतल्या सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, आणि दाराला टेकून उभा असलेला आमचा वॉचमन. ती रक्कम त्या दिवशी कुणालाच दिली गेली नाही. ती वाचवली गेली, आणि वाचवणारा मी होतो.

सोसायटीने पार्किंगच्या शेडवर सोलर बसवायचे ठरवले होते. त्यासाठी शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढावे लागणार होते. बावीस पत्रे, अ‍ॅस्बेस्टॉसचे. भंगारवाला ते घेत नाही. घातक कचरा नेणारी परवानाधारक गाडी बोलवावी लागते, आणि तिचा एका फेरीचा दर अडतीस हजार पाचशे. सेक्रेटरींनी तो आकडा दोनदा वाचला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "साहेब, मला द्या की ते पत्रे. कुरुळीची आमची खोली लई गळायलीय."

चेअरमन माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "हरकत नाही. टेम्पोचे बाराशे सोसायटी देईल."

"वा राव! खजिनदार असावा तर असा," चेअरमन म्हणाले. वार्षिक सभेत त्या बचतीला टाळ्या पडल्या. अहवालात त्या ओळीपुढे मी माझ्या हाताने 'पुनर्वापर' असा शब्द लिहिला.

हा शब्द मी कुठून आणला ते सांगायला हवे. मी चाकणला बांधकामाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेब विभागात आहे. आमची कंपनी पूर्वी हेच पत्रे बनवायची, आता बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे बनवते. दरवर्षी कंपनीचा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल निघतो आणि त्यातले आकडे मी जुळवतो. जुने पत्रे उतरवणाऱ्या कामगारांचे प्रशिक्षण होते, तेव्हा त्याच्या खर्चाचा तक्ता माझ्या टेबलावरून जातो. मास्क किती, अंगावर घालायचे पांढरे सूट किती, पाण्याचा फवारा मारायचे पंप किती. अख्खा पत्रा जागेवर असला की फारसा त्रास देत नाही. तो कापला, भोक पाडले, फोडला, की जी धूळ उडते ती छातीत बसते आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब मागते. हे मला प्रशिक्षण देणाऱ्याइतकेच पाठ होते.

मग मी त्या रविवारी बोललो का नाही? अशा पत्र्यांवर बाजारात बंदी नाही, ही माझी पहिली पळवाट. अख्खे पत्रे अख्खेच राहतील, ही दुसरी. पण आमच्या शेडचा पत्रा केवढा आणि भाड्याची खोली केवढी असते, हे दोन्ही मला माहीत होते. कापल्याशिवाय तो बसणारच नव्हता. खरे कारण एवढेच की अडतीस हजार पाचशे वाचत होते आणि एका गरजू माणसाचे छप्पर होत होते. दोन्ही रकाने एकदम भरत होते. असा हिशेब मोडायला माझे मन झाले नाही.

श्रावणात वॉचमनने घरी सत्यनारायण घातला. "साहेब, तुमच्यामुळं यंदा खोलीत थेंब नाही. तुमी यायचंच," असे बजावून गेला. सोसायटीतून मी एकटाच गेलो. कुरुळीत, कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात तिथून आत, एकाला एक लागून आठ खोल्यांची रांग. त्यातली शेवटची त्याची. वर आमचे पत्रे. त्यावर सोसायटीच्या पार्किंगचा नंबर अजून दिसत होता.

"बघा कसा बसलाय," तो वर बोट दाखवून म्हणाला. "लांबीला जास्त व्हता. शेजारचा फॅब्रिकेशनवाला हाय, त्याचा ग्राइंडर आणला अन् इथंच अंगणात कापला. लोण्यासारखा! धुराळा एवढा उडला की ही मला ओळखंना."

त्याची बायको एका कंपनीत पॅकिंगला जाते. ती प्रसादाचे द्रोण मांडत हसली. "भूत दिसत व्हतं. आठ दिस भांड्यावरून पांढरं पुसत व्हते मी."

"अन् तुकडेबी, उरलेले आठ पत्रेबी वाया घालवले नाहीत," तो म्हणाला. "दारापुढं चिखल व्हायचा, तिथं फोडून टाकले."

मी दारापुढे पाहिले. त्यांची पाच वर्षांची मुलगी त्यालगतच्या फरशीच्या पट्टीवर ठिकरी खेळत होती. फरशीवर घरे आखलेली होती, पांढरी, सरळ. ठिकरी म्हणून तिच्या हातात पत्र्याचा तुकडा होता आणि घरेही तिने त्यानेच आखली होती. एका घराची रेघ पुसट झाली तशी ती खाली बसली, तुकडा फरशीवर घासला आणि पावडर फुंकरीने उडवली.

मी प्रसाद खाल्ला. चांगला झालाय म्हणालो. ताटलीत एकशे एक रुपये ठेवले आणि घरी आलो. तिथे, त्या क्षणी, मुलीच्या हातातला तुकडा काढून घ्यायला मला काहीही खर्च नव्हता. पण तुकडा काढला असता तर का काढला ते सांगावे लागले असते.

घरी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "अहो, मग आत्ता फोन करा की."

"काय सांगू?"

"मला जे सांगितलंत तेच."

फोन मी केला नाही. गणपती आले, गेले. रोज सकाळी गेटवर तो मला सलाम करायचा आणि मी मोटारसायकलचा वेग वाढवायचो. बायको रोज विचारायची, मग एक दिवस विचारायची थांबली. ते जास्त जड गेले. त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा कुरुळीला गेलो.

दोघांना बसवून सगळे सांगितले. धूळ, छाती, वर्षे. वॉचमन हसायला लागला. "साहेब, आमच्या गावात शाळंवर हेच पत्रे व्हते. सगळे जिते हायेत की."

त्याची बायको हसली नाही. तिने विचारले, "तुमाला हे कवा कळलं?"

"आधीपासून माहीत होतं."

"देताना?"

"हो."

"मंग कामून दिले?"

 तिने मुलीला हाक मारून आत घेतले, तिच्या हातातला तुकडा घेतला आणि तो कुठे टाकावा ते न कळून हातातच धरून बसली. "साहेबांच्या गाड्यांवरून काढलं अन् आमच्या डोक्यावर ठेवलं," ती नवऱ्याला म्हणाली. 

मी कमिटीपुढे विषय ठेवला. पत्रे परत आणू, गाडीचा खर्च सोसायटीने करावा. चेअरमन म्हणाले, "अहो, त्याने मागून घेतले, आपण गळ्यात मारले का? आणि तुम्हीच तर बचत दाखवलीत." हे खरे होते. सेक्रेटरींनी चहा मागवला आणि विषय बदलला. मी एक मुदत ठेव मोडली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या कंपनीसाठी हे काम करणारे दोन प्रशिक्षित कामगार आणले. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना लांब पाठवले. पाण्याचा फवारा मारत एकेक पत्रा उतरला. दारापुढचे तुकडे ओले करून वेचले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, टेपने बंद केले. वर नवे रंगीत लोखंडी पत्रे चढले. दुपारपर्यंत सगळे मनासारखे झाले, घरचे आणि शेजारी परतले. मग घरमालक आले. गावातलेच, साठीचे.

"पत्रं कुटं चालवलं?"

मी सगळे पहिल्यापासून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"माज्या खोलीवर चढलं ते माजं. धड हायेत ते ऱ्हाऊ द्या, गोठ्यावर घालतो."

"काका, ते चांगले नाहीत हो. म्हणून तर काढले."

"चांगलं न्हाईत तर फुकट वाटलं कशाला? आन् वाटलं तर आता इतकी मानसं घिऊन न्यायला कशाला आला? काय तरी मोल असंल म्हनूनच ना?"

मी त्यांना मास्क दाखवला, पांढरे सूट दाखवले. त्यांची खात्री उलट पक्की होत गेली. वॉचमन हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, जितकं समजवाल तितका भाव चढंल." शेवटी पत्र्यामागे तीनशेवर सौदा ठरला. फुकट दिलेले चौदा धड पत्रे मी विकत घेतले.

पैसे मोजून घेतल्यावर घरमालकांनी नव्या छपराकडे एकदा पाहिले. "झ्याक झालंय. पुढल्या महिन्यापासनं पाचशे वाढीव."

"अहो, छपराचे पैसे मी दिलेत!"

"व्हय की. पर खोली माजी हाय न्हवं?"

 वॉचमनची बायको शेजारच्या दारातून हे ऐकत होती. तिने पदर खोचला, पुढे आली आणि दारासमोरच्या फरशीवरच्या ठिकरीच्या रेघा ओल्या फडक्याने पुसू लागली. फडके कसे धुवायचे ते मी सांगायला गेलो. "त्या कामाच्या पोरांनी सांगितलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेटवर मी थांबलो. वाढीव पाचशे दर महिन्याला मी देईन, असे वॉचमनला सांगितले. तो हसला, पण मान हलवली. "नको साहेब. तुमी दिलेलं घ्यायला आता भ्या वाटतं."

मी एकदाच विचारले. पुन्हा विचारले नाही.

शेवटी दिले गेले ते असे. रंगीत पत्र्यांचे बसवण्यासकट एकोणीस हजार चारशे, चिखलीच्या दुकानदाराला. जुन्या पत्र्यांचे चार हजार दोनशे, घरमालकाला. कचऱ्याच्या गाडीला एक्केचाळीस हजार तीनशे, कारण फोडलेल्या तुकड्यांच्या पिशव्यांचे वेगळे पडले. त्या दोन कामगारांनी मजुरी घेतली नाही, रविवारचे जेवण घेतले. हे सगळे मी दिले. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे रुपये जास्तीचे, घरमालकाला. ते वॉचमन देतो.