दाबून काढलेली कॉफी

महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हाची गोष्ट. मुदतीच्या तापातून माय वाचली, पण तिच्या जिभेची चव गेली. वरण द्या, ठेचा द्या, ती एकच म्हणायची, "माती लागते वं बाई." खाणंच सुटलं तिचं. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता पोटात अन्न गेलं तरच ही उभी राहील. मी चौदा वर्षांची, चूल माझ्या ताब्यात. भरलेलं ताट तसंच परत आलं की मला आधी राग यायचा, मग रडू.

बाबा खामगावला कापसाच्या प्रेसमध्ये फिटर होते. गाठी बांधायच्या यंत्राचा एक भाग आणायला ते मुंबईला गेले आणि येड लागल्यासारखे परत आले. "एका हॉटेलात कॉफी पेलो. घोटभरच. पण जीभ खडबडून जागी झाली! हिले पाजाव लागते."

"कशी करतात?"

"दाबून."

मी तर हसलेच. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण आमच्या कारखान्याच्या फाटकावरचा 'प्रेस' हा शब्द रोज पाहून त्यांना पाठ झाला होता. हॉटेलातल्या यंत्रावर इंग्रजीत 'एस्प्रेसो' लिहिलेलं, आणि त्याच्या मधोमध तीच पाच अक्षरं, तशीच ओळीनं! झालं, बाबांनी ठरवलं की कापसासारखी कॉफीही दाबतात. अडाणी माणसाची गंमत म्हणून मी सोडून दिलं. पण एस्प्रेसोचा अर्थ खरंच 'दाबून काढलेली' असाच आहे, हे मला फार वर्षांनी कळलं.

विकतचं यंत्र आमच्या बापजन्मी परवडलं नसतं. बाबांनी भंगारातलं पितळ कातून वीतभर नळकांडं केलं, आतून कल्हई लावून घेतली. बुडाला बारीक भोकांची चकती, वर दट्ट्या, दट्ट्याला हातभर दांडा. मुंबईहून आणलेल्या कॉफीच्या बिया मी तव्यावर भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या. मायची शुश्रूषा करायला आलेली आत्या म्हणाली, "बिमार बाईले काळं पानी पाजता काय रे? अक्कल गहाण ठेवली का?"

पहिल्यांदा पूड जाडी राहिली, पाणी भसकन खाली आलं, नुसतं धुवण. दुसऱ्यांदा रांगोळीसारखी कुटली, तर दांडा हलेना. बाबा लोंबकळले तेव्हा कडेनं गरम पाणी उडालं ते आत्याच्या लुगड्यावर. मग जो तोंडाचा पट्टा सुटला!

बाबा मला म्हणाले, "पूड थोडी जाडी कर. अन् भरतानी सारखी बसव, कडेले पोकळ ठिवू नको. गाठ बांधतानी असंच करतो आम्ही. पानी लय चोर असते, पोकळीतूनच पळते."

तिसऱ्यांदा मी बोटानं चाचपून पूड बसवली. उकळी शमल्यावर पाणी ओतलं. बाबांनी दोन्ही हातांनी दांडा हळूहळू खाली आणला. काहीच नाही. मग एक थेंब. मग काकवीसारखी दाट धार, आणि तिच्यावर तांबूस फेस! दूध नाही, लोणी नाही, मग हे आलं कुठून? अगं माय! मी वाटीकडे बघतच राहिले. हे आमच्या घरात, माझ्या बापाच्या हातून झालं होतं. वासानं शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

मायला उठवून बसवलं. तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अवो, कडूजहर हाय हे! काय पाजून राह्यले मले?"

"म्या म्हटलंच होतं," म्हणत आत्यानं वाटी घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो धरला, पण बघत होते मायकडे.

"काय म्हटलं तुनं? पुन्हा एकडाव म्हण."

"कडू! कडू हाय म्हटलं ना!"

माय स्वतःच थबकली, जीभ ओठांवरून फिरवली. बाबा जमिनीवर बसले आणि तेलकट हातांत तोंड घालून हमसून हमसून रडायला लागले.

माय त्यांच्यावरच खेकसली, "रडता काऊन? सारं तोंड कडू करून ठिवलं. भाकर द्या मले आधी."

मी चुलीकडे धावले. आत्या तिथं आधीच पोचली होती. ती पीठ मळत होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आणि आसवं सरळ परातीत पडत होती. एरवी त्यावरून मी तिला बोलल्याशिवाय सोडलं नसतं.