शुक्रवारसाठी लॅपटॉप

मंडळी, आज छाती जरा फुगली आहे, म्हणून लिहितोय.

सकाळी नातीला, आम्रपालीला घेऊन उल्हासनगरला कॉम्प्युटर घ्यायला गेलो होतो. ती गाणी रचते आणि घरीच रेकॉर्ड करते. सिंधी दुकानदार म्हणाला, "काका, म्युझिकसाठी डेस्कटॉपच न्या. ह्याच भावात डबल ताकद. लॅपटॉप तो दिखावा है!" मलाही पटलं.

आम्रपाली म्हणाली, "पण अंकल, शुक्रवारी काय करू?"

दुकानदार बुचकळ्यात पडला. मी मात्र थेट नव्वद सालच्या मोरिवलीत पोचलो. घराशेजारच्या कारखान्याची आठवडाभर धडधड चालायची. शुक्रवारी सुट्टी, तेवढी शांतता. पण नेमकी त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाईटही जायची. मग मी सेलवरचा टेपरेकॉर्डर काढायचो आणि सुजाता, म्हणजे हिची आई, शाळेतल्या कविता माझ्या चालीत गायची. मागे एखादी चिमणी, बस्स.

घर तेच आहे, कारखानाही, आणि शुक्रवारी लाईट अजून जाते.

"आईच्या सगळ्या कॅसेटींवर आजोबांच्या अक्षरात 'शुक्रवार' लिहिलंय," आम्रपाली दुकानदाराला सांगत होती. "मीपण शुक्रवारीच गाणार. बॅटरीवर चालणारंच द्या."

त्या कॅसेटी तिने कधी काढून पाहिल्या, मला पत्ताच नव्हता.

लॅपटॉपची पिशवी घरापर्यंत मीच आणली. तिलासुद्धा हात लावू दिला नाही.

तुमचं असं काय तुमच्या नातवंडांनी गुपचूप जपून ठेवलंय? एकदा विचारून बघा.